एअर सस्पेन्शनच्या पिकअपला मोठे टायर बसवताना मोजमाप सर्वांत खालच्या उंचीवर व्हावे

प्रति,
संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत अमेरिकेतील पिकअप गाड्यांवर आणि त्यांना बसवल्या जाणाऱ्या मोठ्या टायरांवर आलेला सचित्र लेख नुकताच वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला एवढी जागा दिली याचा आनंद झाला. मी मिशिगन राज्यात वाहनउद्योगात चाचणी अभियंता म्हणून काम करतो आणि सस्पेन्शन हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणूनच त्या लेखातून तयार होणाऱ्या एका समजुतीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर बटण दाबून ती वर उचलता येते, आणि ती उचलली की मोठ्या टायरसाठी जागा आपोआप तयार होते, अशी ती समजूत आहे. ती इथल्या अनेक पिकअपमालकांमध्येही आढळते, आणि ती चुकीची आहे.

एअर सस्पेन्शन म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. दादर-पुणे मार्गावरच्या शिवनेरीसारख्या बसगाड्या लोखंडी पाट्यांऐवजी हवेने भरलेल्या रबरी बलूनवर चालतात, तेच तत्त्व इथे पिकअपमध्ये आणले आहे. रॅम १५०० या अमेरिकी पिकअपमध्ये २०१३च्या मॉडेलपासून चारही चाकांवर असे बलून मिळू लागले. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो, एक कॉम्प्रेसर आणि एक साठवण टाकी असते, आणि संगणक त्या सेन्सरांच्या सांगण्यावरून बलूनमध्ये वायू सोडतो किंवा काढून घेतो. या गाडीत बाहेरची हवा न वापरता बंद मंडलात नायट्रोजन फिरवला जातो, म्हणजे ओलावा आत शिरून कडाक्याच्या थंडीत व्हॉल्व्ह गोठण्याची भीती कमी होते. मागे वजन ठेवले किंवा ट्रेलर जोडला तरी गाडी मागून बसत नाही, हेडलाइट आकाशाकडे पाहू लागत नाहीत, आणि रिकामी गाडीसुद्धा खड्ड्यांवरून अंग मोडून टाकत नाही. ही व्यवस्था उत्तम आहे आणि माझी तक्रार तिच्याविरुद्ध मुळीच नाही.

तक्रार आहे ती मोजण्याच्या पद्धतीविषयी. २०१९पासूनच्या रॅम १५००मध्ये नेहमीच्या उंचीखेरीज आणखी चार उंच्या आहेत. महामार्गावर वेग वाढला की हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून गाडी सुमारे १५ मिलिमीटर खाली येते. खडबडीत वाटेसाठी ती एका टप्प्यात सुमारे २५ आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे ५१ मिलिमीटर वर जाते. चढण्या-उतरण्याच्या सोयीसाठी ती नेहमीच्या उंचीपेक्षा सुमारे ५१ मिलिमीटर खाली बसते. म्हणजे सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या उंचीत जवळजवळ १०० मिलिमीटरचे, आपल्या भाषेत सांगायचे तर चांगले चार बोटांहून अधिक, अंतर आहे. आता टायरकडे पाहू. या गाडीच्या अनेक आवृत्त्यांवर कारखान्यातूनच २७५/५५ आर २० (रुंदी २७५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम २० इंची) हा टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ८१० मिलिमीटर भरतो. हौशी मालक ज्याला ‘पस्तीस इंची’ म्हणतात त्या प्रकारातल्या ३२५/६५ आर १८ या टायरचा व्यास सुमारे ८८० मिलिमीटर आहे, शिवाय तो ५० मिलिमीटर अधिक रुंद आहे. त्रिज्येतला फरक ३५ मिलिमीटर. दुकानात गाडी सर्वांत वरच्या टप्प्यावर उभी करून हा टायर बसवला तर ५१ मिलिमीटर जागा वाढलेली असते, ३५ खर्च होते, तरी १६ शिल्लक राहते आणि सगळे समाधानाने घरी जातात. घरी पोहोचून गाडी बंद केल्यावर, आपोआप खाली बसण्याची सोय चालू असेल तर, ती उतरण्याच्या उंचीवर बसते आणि तीच जागा १०० मिलिमीटरने आटते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर, बंपरचा मागचा कोपरा किंवा आतल्या बाजूचा कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) टायरला घासू लागतो.

तरीही हे उंचीच्या टप्प्यांचे गणित म्हणजे केवळ वरवरचा भाग आहे. खरा मुद्दा त्याच्याही खाली आहे आणि तो क्वचितच कोणी सांगते. सस्पेन्शन पूर्ण दाबले गेले की चाक ज्या जागी जाऊन थांबते, ती जागा बंप स्टॉप नावाचा रबरी ठोकळा ठरवतो. बलूनमध्ये किती हवा आहे यावर ती अवलंबून नसते. गाडी वरच्या टप्प्यावर असो वा खालच्या, मोठ्या खड्ड्यात चाक शेवटपर्यंत वर गेले की टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट तीच असते. उंची वाढवल्याने चाक त्या टोकाला कमी वेळा पोहोचते एवढेच. पोहोचले तर जागा एक मिलिमीटरनेही वाढलेली नसते. म्हणून, हवेने उचललेली गाडी आणि मोठ्या टायरसाठी जागा केलेली गाडी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरी समजण्यातून बहुतेक सगळे नुकसान होते.

यात मिशिगनच्या हिवाळ्याची भर पडते. बलूनमधल्या वायूवरचा भार रात्रभर तेवढाच राहतो, पण तापमान २० अंशांवरून शून्याखाली २० अंशांवर गेले तर त्या वायूचे आकारमान साधारण १४ टक्क्यांनी घटते आणि गाडी आपोआप खाली बसते. बलून जुना असेल आणि त्याच्या घड्यांपाशी बारीक गळती सुरू झालेली असेल तर ती आणखी बसते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर तिला पूर्ववत करतो, पण त्याला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी चालक घाईघाईने स्टिअरिंग पूर्ण वळवून बर्फातून गाडी बाहेर काढत असतो. चाकाच्या कमानीत गोठलेल्या बर्फाचे गठ्ठेही असतात. दुकानातल्या उबदार, सपाट फरशीवर झालेल्या मोजणीचा या परिस्थितीशी काही संबंध उरत नाही.

टायर घासतो असे लक्षात आल्यावर अनेकांना जो उपाय सुचवला जातो, तो मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. उंची मोजणाऱ्या सेन्सरला जोडणारी छोटी कांडी काढून तिच्या जागी वेगळ्या लांबीची कांडी बसवायची. त्यामुळे सेन्सर संगणकाला गाडी खाली आहे असे खोटे सांगतो आणि संगणक बलून अधिक फुगवून तिला कायमची वर धरून ठेवतो. खर्च थोडा, काम तासाभराचे, म्हणून हा प्रकार लोकप्रिय आहे. पण वरची उंची ठरावीक वेगापुढे आपोआप सोडून देण्याची जी सोय अभियंत्यांनी मुद्दाम ठेवली आहे, तीच यामुळे निकामी होते. गाडीचा गुरुत्वमध्य उंच असताना वळणावर ती अधिक झुकते, म्हणून वेगात तिने खाली यायचे असते. कांडी बदललेली गाडी खाली आल्याचे समजत राहते आणि प्रत्यक्षात उंचच धावते. शिवाय पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे कायम तिरक्या कोनात काम करतात, चाकाला खाली जायला अंतर उरत नाही म्हणून खड्ड्यातून बाहेर पडताना धक्का बसतो, अलाइनमेंट बिघडते, टायरची एक कड लवकर झिजते. संगणकाला खोटी माहिती देऊन मिळवलेली उंची सुरक्षित असूच शकत नाही, हे मी या व्यवसायातला माणूस म्हणून ठामपणे सांगतो. दुकानदारांनी हा उपाय विकणे बंद करावे.

जागेचा प्रश्न कसाबसा सुटला असे मानले तरी गाडीच्या इतर अंगांवर होणारा परिणाम उरतोच. वरच्या उदाहरणात टायरचा घेर साडेआठ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक ७० मैल दाखवत असतो तेव्हा गाडी ताशी ७६ मैलांनी धावत असते, आणि अंतर मोजणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, म्हणजे तेलबदल उशिरा होतो आणि गाडी विकताना घेणाऱ्याची नकळत फसवणूक होते. क्राउन-पिनियनचे, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचे, ३.९२ हे गुणोत्तर निवडून जास्तीचे पैसे मोजून घेतलेली गाडी ३.६१च्या गाडीसारखी ओढू लागते. ज्याने ट्रेलर ओढण्यासाठीच ते गुणोत्तर घेतले होते त्याने ते अशा रीतीने परत देऊन टाकलेले असते. ब्रेकचेही तेच. डिस्क आणि कॅलिपर तेच राहतात, पण जमिनीपासून चाकाच्या मध्याचे अंतर वाढते, म्हणून पायाखालचा दाब तेवढाच असताना रस्त्यावर मिळणारे रोधक बल जवळपास आठ टक्क्यांनी कमी होते. जड टायर फिरता थांबवायलाही जास्त जोर लागतो. वेगदर्शक संगणकातून दुरुस्त करता येतो. ब्रेक तसे दुरुस्त होत नाहीत.

टायरमधल्या हवेच्या दाबाकडे तर सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, आणि या देशाने त्याची जबर किंमत मोजलेली आहे. ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते आणि त्या गाडीसाठी सुचवलेला २६ पौंडांचा कमी दाब हा त्या वेळच्या वादाचा एक मोठा विषय होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यातून पुढे टायरमधला दाब कमी झाल्यास इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांवर सक्तीची झाली. तिचा नियम असा आहे की, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाला की दिवा लागला पाहिजे. आता मालकाने मूळ टायर काढून जाड भिंतीचे, हलक्या ट्रकसाठीचे टायर बसवले की तोच भार पेलण्यासाठी त्यांना सहसा जास्त दाब लागतो, पण दिवा मात्र जुन्या पट्टीच्या हिशेबाने लागतो. टायर भाराच्या मानाने धोकादायकरीत्या मऊ झालेला असतो आणि समोरचा फलक सर्व ठीक असल्याचे दाखवत असतो. एअर सस्पेन्शनच्या गाडीत हे अधिक फसवे आहे, कारण साध्या स्प्रिंगची गाडी जादा वजनाने मागून बसते आणि पाहणाऱ्याला कळते, तर ही गाडी कितीही लादली तरी सरळ उभी राहते.

मोठे टायर बसवूच नयेत असे माझे म्हणणे नाही. ते नीट कसे बसवायचे हे रॅम कंपनीनेच दोन वेळा दाखवून दिले आहे. रॅमच्या रेबेल या आवृत्तीवर २७५/७० आर १८ हा टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ८४२ मिलिमीटर, म्हणजे ‘तेहतीस इंची’. रुंदी मूळचीच २७५ ठेवली आहे, गाडीची नेहमीची उंची इंचभर वाढवली आहे, आणि या आवृत्तीवर एअर सस्पेन्शनही घेता येते. त्यानंतर ऑगस्ट २०२०मध्ये टीआरएक्स ही गाडी आली. तिच्यावर वर सांगितलेला ३२५/६५ आर १८ टायर कारखान्यातूनच होता, पण तो बसवण्यासाठी कंपनीने काय काय बदलले ते पाहावे. अंगाची रुंदी आठ इंचांनी वाढवली, मागे अधिक जाड डाना ६० एक्सल घातला, पुढे १५ इंची ब्रेक डिस्क बसवल्या, आणि बलून सोडून लोखंडी स्प्रिंग व खास शॉक अब्सॉर्बर वापरले. ज्या अभियंत्यांच्या हाती पूर्ण गाडी नव्याने आखण्याची मोकळीक होती, त्यांनासुद्धा पस्तीस इंची टायर आणि एअर सस्पेन्शन एकत्र आणावेसे वाटले नाहीत. शनिवारी दुपारी दुकानात चार टायर बदलून तेच साधेल असे समजणे मला पटत नाही. एअर सस्पेन्शन असलेल्या रॅम १५००ला तेहतीस इंची टायर, तोही मूळच्या रुंदीचा आणि मूळच्या ऑफसेटच्या (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते मोजमाप) रिमवर, ही माझ्या मते शहाणपणाची सीमा आहे. घेर चार टक्क्यांच्या आत वाढतो, त्रिज्या १६ मिलिमीटरनी वाढते, आणि एवढे पोटात घालण्याची शक्ती त्या रचनेत आहे. रिम बाहेर काढून ‘रुंद पवित्रा’ मिळवण्याच्या मोहात मात्र पडू नये, कारण मग वळताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि वाचवलेली जागा पुन्हा जाते.

तपासणी कशी करावी, हेही सांगतो. टायर बसवल्यावर गाडी मुद्दाम सर्वांत खालच्या उंचीवर आणावी, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, आणि त्या स्थितीत पुढे व मागे हळू चालवून पाहावे. नंतर पुढचे एक चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन बंप स्टॉपपर्यंत दाबले जाईल असे पाहावे आणि तिथे पुन्हा वळवून बघावे. टायर आणि कंट्रोल आर्म, टायर आणि बलून, टायर आणि अस्तर यांच्यातली फट या अवस्थेत बोट घालून नव्हे, पट्टीने मोजावी. मागच्या बलूनपाशी चिखल आणि खडी साचायला जागा राहते का तेही पाहावे, कारण रबरावर रबर घासले तर बलून फाटतो, आणि चारही चाकांवरच्या बलूनच्या दुरुस्तीचा खर्च टायरांच्या खर्चाला सहज मागे टाकतो. स्टेपनीचाही विचार करावा. मोठ्या आकाराची स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसत नाही म्हणून लोक जुन्या लहान आकाराचीच ठेवतात, आणि पंक्चर झाल्यावर चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एक चाक लहान घालून मैलोन् मैल जातात. त्याचा ताण डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचावर, येतो.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. तिथे दिसणाऱ्या पिकअप, मग ती शेतमाल वाहणारी बोलेरो असो किंवा हौसेने घेतलेली टोयोटा हायलक्स वा इसुझू व्ही-क्रॉस, मागे लोखंडी पाट्यांवर चालतात. त्यांच्या पाट्यांना मदत म्हणून बाहेरून बलून बसवून घेण्याची पद्धत आहे, आणि त्यालाच एअर सस्पेन्शन म्हटले जाते. त्या बलूनला उंचीचा सेन्सर किंवा संगणक नसेल तर हवा भरणाऱ्याच्या अंदाजावर सर्व काही चालते, दोन बाजूंचे दाब वेगळे राहतात, आणि मोठा टायर एका बाजूला घासतो तर दुसऱ्या बाजूला घासत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्टपणे अधोरेखित केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. अमेरिकेत मालकाला मिळणारी मोकळीक तिथे गृहीत धरू नये. अमेरिकेतसुद्धा ही मोकळीक मालकापुरतीच आहे. सुरक्षेची कारखान्यातून आलेली योजना निकामी करण्यास दुकानदार आणि दुरुस्ती करणारे यांना संघीय कायद्याने मनाई आहे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की, यापुढे अशा गाडीचे छायाचित्र छापताना टायरचा आकार, उत्पादकाने त्या गाडीसाठी मान्य केलेला सर्वांत मोठा आकार आणि गाडी कोणत्या उंचीवर उभी असताना छायाचित्र घेतले, या तीन गोष्टी खाली द्याव्यात. उंची दिली नाही तर चित्रातली फट वाचकाला काहीच सांगत नाही. आणि ज्यांच्या दुकानात आलिशान मोटारींच्या निमित्ताने एअर सस्पेन्शनच्या गाड्या आता येऊ लागल्या आहेत, त्या पुण्या-मुंबईच्या टायरवाल्यांपर्यंत एवढे पोहोचवावे: अशी गाडी जॅकवर घेण्याआधी तिच्या पडद्यावरील जॅक मोड चालू करावा. तो चालू नसेल तर चाक हवेत लोंबताना गाडी स्वतःची उंची दुरुस्त करू पाहते, बलूनमधला वायू सोडते किंवा भरते, आणि गाडीखाली हात असलेल्या कारागिराला त्याची काही सूचना मिळत नाही.

आपला नम्र,
एक वाचक आणि वाहन चाचणी अभियंता
मिशिगन, अमेरिका